कर्नलला मेमरीबद्दल इशारा दिला तर तो ऐकतो का? मॅडवाइज आणि फॅडवाइजबद्दल जरा सविस्तर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात. सी++ मधली एक सर्व्हिस आहे, लिनक्सवर कंटेनरमध्ये चालते, सुरुवातीला मोठा इंडेक्स लोड करते, त्याचं काम झालं की मेमरी सोडून देते, तरी टॉप या टूलमध्ये रेसिडेंट साइज (प्रोसेसने खरोखर अडवलेली रॅम) काही खाली येत नाही. मग मॅडवाइज (अमुक मेमरीचं काय करायचं ते कर्नलला सांगणारा सिस्टम कॉल) लावून बघितलं. मॅडव्ह_फ्री दिलं तर आकडा तसाच राहिला, मॅडव्ह_डोन्टनीड दिलं तर आकडा उतरला पण थोड्या वेळाने प्रोसेस भलत्याच जागी क्रॅश व्हायला लागली. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, हे इशारे ऐकतो का, आणि ऐकत असेल तर हे असं का? (गोंधळ नको म्हणून सी मधल्या फंक्शनला फ्री() लिहितो आणि मॅडवाइजच्या पर्यायाला मॅडव्ह_फ्री.)

ऐकतो. पण मॅडवाइज या एकाच सिस्टम कॉलखाली तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी भरल्यात आणि सगळा घोळ तिथेच होतो. काही पर्याय सरळ हुकूम आहेत, कॉल परत येईपर्यंत कर्नलने काम केलेलं असतं आणि तुमचा डेटा त्यात जाऊ शकतो. काही पर्याय म्हणजे परवानगी, की बाबा तुला गरज पडली तर हे घेऊन जा. आणि काही म्हणजे नुसती खूण, जी कर्नल मेमरीच्या त्या पट्ट्यावर लावून ठेवतो आणि पुढे कधी पेज फॉल्ट झाला (ज्या पेजला, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला, हात लावला त्यामागे रॅम जोडलेली नसली) तर बघतो. आपण वापरतोय तो पर्याय या तिघांतला कुठला हे नक्की माहीत झाल्याशिवाय तो प्रॉडक्शनच्या कोडमध्ये टाकू नका, मला मुख्य सांगायचंय ते हेच, बाकी पुढचा सगळा त्याचा तपशील आहे.

डोन्टनीड लिनक्सवर हुकूम आहे. प्रायव्हेट अ‍ॅनॉनिमस मेमरीवर, म्हणजे कुठल्या फाइलशी न जोडलेली आणि फक्त आपलीच, हीप वगैरे, तो दिला की कर्नल त्या पट्ट्यातल्या पेज टेबलच्या (कुठला पत्ता रॅममध्ये कुठे आहे याचा तक्ता) नोंदी तिथल्या तिथे पुसतो, तुमचे थ्रेड ज्या ज्या सीपीयूवर चालू आहेत त्या सगळ्यांचा टीएलबी (त्या तक्त्याची सीपीयूमधली छोटी कॅशे) साफ करायला लावतो आणि पेजेस परत घेतो. पत्ता वैध राहतो, पण पुढच्या वेळी तिथे हात लावलात की पेज फॉल्ट होऊन शून्यांनी भरलेलं नवं पेज मिळतं. जुना डेटा गेला तो गेला, मशीनवर कितीही मेमरी मोकळी असली तरी गेला. फाइलच्या प्रायव्हेट मॅपिंगवर (फाइल मेमरीच्या पत्त्यांना जोडून घेणं म्हणजे मॅपिंग) दिलात तर तुम्ही केलेले बदल जातात आणि परत फाइलमधला मूळ मजकूर दिसतो. शेअर्ड मॅपिंगवर दिलात तर फक्त तुमच्या प्रोसेसमधून पेजेस सुटतात, डेटा पेज कॅशेमध्ये (फाइल्सच्या मजकुराचा रॅममधला साठा) आहे तिथेच राहतो, त्यामुळे तुमचा रेसिडेंट आकडा उतरतो पण मशीनला खरी मेमरी लगेच मिळतेच असं नाही.

बाकी सिस्टम्सवर हे असं नाही हे लक्षात ठेवा. फ्रीबीएसडीवर त्याच नावाचा पर्याय फक्त त्या पेजेसचं महत्त्व कमी करतो, डेटा पुसत नाही. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने जी पॉझिक्स_मॅडवाइजची व्याख्या केलीय तिच्यातही डेटा टिकायला हवा, म्हणून जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये पॉझिक्सवालं डोन्टनीड चक्क काहीच करत नाही, कारण लिनक्सचं मूळ वागणं त्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा दुसऱ्या युनिक्सवरून कोड आणताना हा एक कॉल नीट तपासा. उलट बाजूने, जेमॅलॉकसारखे अलोकेटर (मॅलॉक आणि फ्री() चं काम करणाऱ्या लायब्ररी) लिनक्सच्या या शून्य करून देण्यावरच विसंबलेले आहेत, त्यामुळे हे वागणं आता कुणी बदलू शकत नाही.

आता तुमचा क्रॅश. तुम्ही लिहिलंय की मॅलॉकने मिळालेला पॉइंटर खालच्या पेजच्या सीमेपर्यंत ओढून मॅडवाइजला दिला. क्रॅश तिथूनच येतोय. मॅडवाइजला सुरुवातीचा पत्ता पेजच्या सीमेवर लागतो, नाहीतर ईइनव्हॅल ही एरर येते, म्हणून लोक पत्ता खाली ओढतात, आणि लांबी तर कर्नल स्वतःच वर गोल करून पूर्ण पेजपर्यंत नेतो. म्हणजे पहिल्या पेजमध्ये तुमच्या ब्लॉकच्या आधी जे दुसरं काही होतं ते आणि शेवटच्या पेजमध्ये तुमच्या ब्लॉकनंतर जे होतं ते, दोन्ही शून्य झालं. त्यात दुसऱ्या कुणाचा ऑब्जेक्ट असेल, किंवा मॅलॉकची स्वतःची चंकच्या आकाराची नोंद असेल. ती नोंद शून्य झाली की क्रॅश लगेच होत नाही, नंतर कधीतरी कुणी शेजारचा ब्लॉक फ्री() करतो तेव्हा होतो, आणि म्हणूनच तो भलत्या जागी दिसतो. मॅलॉकने दिलेल्या मेमरीवर आपण बाहेरून डोन्टनीड देऊच नये. ती जागा अलोकेटरची आहे, तिच्याबद्दल कर्नलशी बोलायचं काम त्याचं. तुम्हाला स्वतः बोलायचं असेल तर स्वतःच्या एममॅपने (कर्नलकडून थेट मेमरी घ्यायचा कॉल) घेतलेल्या जागेबद्दल बोला. आणि पेज ४ केबीचंच असतं असं कोडमध्ये धरू नका, आर्म६४ वर १६ केबी आणि ६४ केबीची पेजेससुद्धा असतात, सिसकॉन्फला विचारा.

मॅडव्ह_फ्री मला या सगळ्यातलं सर्वात सुंदर डिझाइन वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. हा पर्याय सोलारिस आणि फ्रीबीएसडीकडे बरीच वर्षं होता, लिनक्समध्ये तो ४.५ ला, २०१६ मध्ये आला, मिनचान किम यांनी आणला. अर्थ असा की या पेजेसमधला डेटा मला नको, पण घाई नाही, तुला मेमरीची चणचण भासली तर घे. घरातली रद्दी दाराशी काढून ठेवावी तसं आहे, रद्दीवाला येईपर्यंत जागा अडलेलीच असते, आणि तो यायच्या आत त्यातलं काही परत लागलं तर उचलून आत नेता येतं.

आता कर्नलला कसं कळतं की तुम्ही परत उचललं? तुम्ही तर कुठलाही सिस्टम कॉल न करता सरळ त्या पत्त्यावर लिहायला लागता. इथे हार्डवेअरचा डर्टी बिट (या पेजवर लिहिलं गेलंय ही खूण) कामाला येतो. मॅडव्ह_फ्री दिल्यावर कर्नल पेज टेबलच्या नोंदीतला डर्टी बिट उतरवतो आणि पेजला स्वॅपवर (रॅम कमी पडली की पेजेस ठेवायची डिस्कवरची जागा) न्यायची गरज नाही अशी खूण करतो. तुम्ही नंतर त्या पेजवर एक बाइट जरी लिहिलात तरी सीपीयूमुळे तो बिट परत चढतो. मेमरीची ओढाताण सुरू झाली की रिक्लेम करणारा, म्हणजे मेमरी परत मिळवणारा, कोड त्या पेजपाशी येतो, बिट उतरलेलाच असेल तर पेज स्वॅपवर न लिहिता सरळ फेकून देतो, चढलेला असेल तर म्हणतो हे परत वापरात आलंय आणि साध्या अ‍ॅनॉनिमस पेजसारखं त्याला परत ठेवतो. म्हणजे परत वापरायला घेताना कर्नलला सांगावं लागत नाही, आणि चणचण नसेल तर पेज फॉल्टही होत नाही, पेज शून्य करायचा खर्चही वाचतो. अलोकेटर सतत घे-सोड करत असतो, त्याच्यासाठी ही मोठी बचत आहे.

पण याची किंमत अशी की मॅडव्ह_फ्री दिल्यावर आणि लिहायच्या आधी त्या पेजमधून वाचलंत तर जुना डेटा मिळेल किंवा शून्य मिळेल, दोन्ही शक्य आहे, आणि आत्ता जुना मिळाला म्हणून पुढच्या क्षणी जुनाच मिळेल असंही नाही. परत वापरताना आधी लिहा, मगच वाचा. शून्य असेल असं धरून चालणारा कोड टेस्टमध्ये मेमरी भरपूर असते तेव्हा एका प्रकारे वागतो आणि प्रॉडक्शनवर ताण आला की दुसऱ्या, हा असा बग शोधायला फार जड जातो. शिवाय हा पर्याय फक्त प्रायव्हेट अ‍ॅनॉनिमस मेमरीवर चालतो. ४.१२ च्या आधीच्या कर्नलवर स्वॅप नसेल तर मॅडव्ह_फ्री दिलेली पेजेस लगेचच जायची, ४.१२ पासून ती निष्क्रिय फाइल पेजेसच्या यादीत जाऊन बसतात, त्यामुळे स्वॅप नसतानाही उशिरा सोडण्याचा फायदा मिळतो.

म्हणून तुमचा आकडा उतरला नाही. कर्नलने ऐकलं होतं, पण मशीनवर ताण नव्हता, मग त्याने कशाला घ्यायची पेजेस. बघायचं असेल तर प्रॉकखाली तुमच्या पीआयडीच्या फोल्डरमधली एसमॅप्स_रोलअप फाइल उघडा, त्यात लेझीफ्री नावाची ओळ असते, तिथे तुमचे सगळे एमबी दिसतील.

गो भाषेच्या रनटाइमने हाच अनुभव जगभर घेतला. गो १.१२, म्हणजे २०१९ चं रिलीज, त्यात लिनक्सवर मॅडव्ह_फ्री हा डिफॉल्ट झाला. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बरोबर होता, खर्च कमी. पण लोकांचे डॅशबोर्ड, अलार्म, कंटेनरवर नजर ठेवणारी टूल्स हे सगळं रेसिडेंट आकड्याकडे बघणारं, तो उतरेना, मग सगळीकडे लीक आहे लीक आहे अशा तक्रारी सुरू झाल्या आणि लोक गोडीबग या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मॅडव्हडोन्टनीड=१ टाकून जुनं वागणं परत आणायला लागले. शेवटी १.१६ मध्ये, २०२१ ला, त्यांनी डिफॉल्ट परत डोन्टनीड केला, आणि कारण स्पष्ट लिहिलं की प्रोसेसचे आकडे खऱ्या वापराशी जुळावेत. मला हा निर्णय पटतो. ज्या मेमरीबद्दल माणसं रात्री उठून निर्णय घेणार आहेत तिचा आकडा खरा दिसणं हे थोड्या पेज फॉल्टपेक्षा जास्त मोलाचं आहे.

कंटेनरमध्ये अजून एक गुंता आहे. सीग्रुप (कंटेनरची मेमरी मोजून तिला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) व्ही२ मध्ये मेमरी.स्टॅट फाइल बघितली तर मॅडव्ह_फ्री दिलेली ही लेझी पेजेस अ‍ॅनॉन या आकड्यात मोजलेली असतात, कारण जातीने ती अ‍ॅनॉनिमसच, पण बसलेली असतात इनअ‍ॅक्टिव्ह_फाइल या यादीत, आणि तो आकडा यादीचा असल्यामुळे त्यातही धरली जातात. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसचं वर्किंग सेट म्हणजे एकूण वापरातून इनअ‍ॅक्टिव्ह_फाइल वजा, त्यामुळे वर्किंग सेट उतरलेला आणि रेसिडेंट साइज चढलेला असं एकाच वेळी दिसू शकतं आणि दोन टीम दोन आलेख घेऊन भांडत बसतात, दोघांचेही आकडे बरोबर असतात. लिमिटला धडकल्यावर कर्नल आधी रिक्लेमच करून बघतो आणि ही पेजेस स्वॅपवर न लिहिता सुटणारी, त्यामुळे नुसत्या लेझी पेजेसमुळे ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) येत नाही. खात्री करायची तर कर्नल ५.१९ पासून सीग्रुपमध्ये मेमरी.रिक्लेम नावाची फाइल आहे, तिच्यात किती मेमरी काढायची ते लिहा, कर्नल ताण नसतानाही तेवढी काढायचा प्रयत्न करतो. ती लिहून बघा, आकडा उतरला आणि ती मेमरी स्वॅपवर गेलेली नसेल तर लीक नाही.

याच्या अगदी उलटी फसगत मोठ्या पेजेसमुळे होते आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (कर्नलने आपणहून मोठी पेजेस देणं) चालू असेल तर एक्स८६ वर २ एमबीचं एक मोठं पेज ४ केबीच्या ५१२ पेजेसच्या जागी असतं. त्यातल्या थोड्याच भागावर डोन्टनीड दिलंत तर कर्नल मॅपिंगचे तुकडे करतो, तेवढा भाग तुमच्या प्रोसेसमधून सुटतो, रेसिडेंट आकडा उतरतो, तुम्ही खूश. पण खाली खरं मोठं पेज तसंच अखंड राहू शकतं, ते नंतर फोडायच्या यादीत टाकलं जातं आणि मेमरीचा ताण आला की मगच फुटतं. तोवर सीग्रुपच्या हिशेबात ते पूर्ण मोजलं जातं. म्हणजे मॅडव्ह_फ्री मध्ये आकडा चढलेला पण मेमरी मागितली की मिळणारी, आणि इथे आकडा उतरलेला पण मेमरी अजून अडकलेली. नुसत्या रेसिडेंट साइजकडे बघून इशारा लागू पडला की नाही हे ठरवू नका असं मी म्हणतो ते या दोन्हीमुळे.

आणि त्यावर अजून, केह्यूजपेजडी नावाचा कर्नल थ्रेड मागे फिरत असतो, सुटी पेजेस जमवून मोठं पेज बनवत असतो. त्याच्यासाठी मॅक्स_पीटीईज_नन नावाचा एक खुंटा, म्हणजे सेटिंग आहे (किती पेजेस रिकामी असली तरी चालतील), त्याचा डिफॉल्ट ५११. म्हणजे ५१२ पैकी एकच पेज खरोखर भरलेलं असलं तरी तो पूर्ण २ एमबीचं पेज घेऊन ठेवू शकतो. तुम्ही जपून डोन्टनीड करून ५११ पेजेस परत दिलीत आणि त्याने मागून येऊन ती परत भरली, आणि तुमच्या कोडमध्ये काहीच चूक नाही. गो १.२१ मध्ये मोठ्या पेजेससाठी रनटाइमने स्वतः इशारे द्यायला सुरुवात केली होती, त्यातले बरेचसे पुढच्या पॅच रिलीजमध्ये काढावे लागले, आणि त्यांच्या जीसी (गार्बेज कलेक्टर) गाइडमध्ये आता हा खुंटा ० करायचा सल्ला आहे. रेडिस या डेटाबेसची कागदपत्रंसुद्धा ट्रान्सपरंट ह्यूज पेज बंद करायलाच सांगतात, तिथलं कारण मात्र वेगळं: स्नॅपशॉटसाठी फोर्क केल्यावर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) कॉपी-ऑन-राइटमध्ये (पेजवर लिहिलं तेव्हाच त्याची कॉपी) ४ केबीच्या जागी २ एमबीच्या कॉप्या व्हायला लागतात आणि लेटन्सी उडते. माझं मत असं की सर्व्हरवर ही सेटिंग मॅडवाइज वर ठेवावी, म्हणजे ज्याने मॅडव्ह_ह्यूजपेज मागितलं त्यालाच मोठी पेजेस, आणि ज्या डेटा स्ट्रक्चरला खरोखर टीएलबीचा त्रास होतोय, मोठा हॅश टेबल किंवा तुमच्यासारखा इंडेक्स, त्यानेच ती मागावीत. मागणं ही मात्र खूण आहे, हमी नाही. हे ह्यूजपेजवाले पर्याय कर्नल २.६.३८ पासून आहेत. आत्ताच्या आत्ता बनव असं सांगायला मॅडव्ह_कोलॅप्स ६.१ मध्ये आला, तो तिथल्या तिथे प्रयत्न करतो आणि जमलं नाही तर एरर देतो, त्यामुळे निदान काय झालं ते कळतं.

खुणेच्या जातीतले जुने दोन म्हणजे सिक्वेन्शियल आणि रँडम. फाइल एममॅप केली असेल तर कर्नल फॉल्ट झालेल्या जागेच्या आजूबाजूचा भाग पण वाचून ठेवतो, डिफॉल्ट रीडअहेड १२८ केबीचा. तुमचा वापर खरोखर विखुरलेला असेल आणि फाइल रॅमपेक्षा मोठी असेल तर ४ केबी हवे असताना दर वेळी १२८ केबी वाचले जातात, डिस्क पण भरते आणि कॅशेही घाण होते. तिथे रँडम दिल्याने जबरदस्त फरक पडतो. सलग फॉल्ट वाया जाताहेत असं दिसलं की कर्नल आपणहून पण आजूबाजूचं वाचणं थांबवतो, पण त्याला ते शिकायला वेळ लागतो. मात्र फाइल रॅममध्ये मावत असेल तर रँडम देऊ नका, मग सुरुवातीला प्रत्येक पेज एकेक करत डिस्कवरून येतं आणि कॅशे गरम व्हायला युगं लागतात. मी असे बरेच रिव्ह्यू बघितलेत जिथे अ‍ॅक्सेस रँडम आहे ना मग रँडम द्या एवढ्यावर तो पर्याय टाकलेला असतो, मावतं की नाही हे कुणी बघितलेलं नसतं.

विलनीडबद्दल एवढंच, की फाइलवर तो डेटा आधीच वाचायला लावतो पण एका कॉलमध्ये कर्नल किती वाचेल याला आतून मर्यादा आहे. २० जीबीच्या पट्ट्यावर एकदा विलनीड दिलं म्हणजे २० जीबी येत नाहीत, तुकड्या तुकड्याने द्यावं लागतं. सगळं यायलाच हवं असेल तर ५.१४ पासून मॅडव्ह_पॉप्युलेट_रीड आहे, तो पेज टेबलसुद्धा भरून देतो आणि जमलं नाही तर एरर देतो. पोस्टग्रेस या डेटाबेसने विलनीड वर्षानुवर्षं फार छान वापरलाय, बिटमॅप स्कॅनमध्ये पुढे कुठले ब्लॉक लागणार ते आधीच माहीत असतं, तेवढे पॉझिक्स_फॅडवाइजने कर्नलला सांगून ठेवायचे, किती पुढचे सांगायचे ते इफेक्टिव्ह_आयओ_कंकरन्सी या सेटिंगवर. चांगला इशारा असा असतो, अ‍ॅप्लिकेशनला पक्कं माहीत आहे आणि कर्नलला ते कळणं शक्यच नाही.

फाइलसाठीचा फॅडवाइज वेगळा सिस्टम कॉल आहे आणि त्याच्या डोन्टनीडचा अर्थही वेगळा, इथे डेटा जात नाही, फक्त पेज कॅशेमधून काढतो. बॅकअप किंवा लॉग कॉपी करणाऱ्या जॉबने डेटाबेसची गरम कॅशे बाहेर ढकलू नये म्हणून हा वापरतात. लोक इथे अडकतात ते असं, की लिहिलं आणि लगेच डोन्टनीड दिलं तर पेजेस जात नाहीत, कारण डिस्कवर अजून न गेलेली डर्टी पेजेस कर्नल टाकू शकत नाही. आधी एफडेटासिंक करा किंवा सिंक_फाइल_रेंजने मागचा तुकडा डिस्कवर गेला याची वाट बघा, मग तेवढ्या तुकड्यावर डोन्टनीड द्या, आणि असं तुकड्यातुकड्याने पुढे जात राहा. आणि पेज कॅशे सगळ्यांची सामाईक आहे, तीच फाइल दुसरा प्रोसेस साध्या रीडने वाचत असेल तर त्याचीही पेजेस तुमच्या इशाऱ्याने जातात. एममॅपने कुणी धरून ठेवलेली असतील ती राहतात. नोरीयूज नावाचा पर्याय या कामासाठीच असायला हवा होता, पण लिनक्सवर तो २.६.१८ पासून पुढची कितीतरी वर्षं काहीच करत नव्हता, ६.३ मध्ये कुठे त्याला अर्थ आला. जुन्या कर्नलवर तो देऊन काम झालं समजणारा कोड अजून सापडतो, एरर येत नाही म्हणून कुणाला कळतही नाही.

अँड्रॉइडने यात एक नवा विचार आणला. अ‍ॅप बॅकग्राउंडला गेलं आणि आता काही वेळ लागणार नाही, हे त्या अ‍ॅपपेक्षा सिस्टमच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरला नीट माहीत असतं. म्हणून ५.४ मध्ये, २०१९ ला, मॅडव्ह_कोल्ड आणि मॅडव्ह_पेजआउट आले, तेही मिनचान किम यांचेच. कोल्ड म्हणजे ही पेजेस आधी काढायच्या रांगेत पुढे आण, पेजआउट म्हणजे आत्ताच बाहेर काढ, अँड्रॉइडवर बहुतेक झेडरॅममध्ये (रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप). दोन्हीत डेटा सुरक्षित राहतो, हा डोन्टनीडशी मोठा फरक. आणि ५.१० मध्ये प्रोसेस_मॅडवाइज आला, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीबद्दल इशारा देता येतो, अर्थात परवानगी लागते. त्यातून डेटा पुसणारे पर्याय मुद्दाम दूर ठेवले ते योग्यच झालं. सर्व्हरवर पण ज्यांच्याकडे थंड पडलेला डेटा भरपूर आहे पण टाकून देता येत नाही त्यांनी कोल्ड आणि पेजआउटकडे बघावं, डोन्टनीडपेक्षा कितीतरी सुरक्षित.

विंडोजवर नावं वेगळी पण विचार तेच, ऑफरव्हर्च्युअलमेमरी आणि रिक्लेमव्हर्च्युअलमेमरी ही जोडी मॅडव्ह_फ्रीच्या जवळची, फक्त तिथे परत घेताना सांगावं लागतं आणि डेटा टिकला की गेला हे उत्तरात कळतं. कॅशेसारख्या वापराला ते लिनक्सपेक्षा सोयीचं आहे, खरं सांगायचं तर हे लिनक्समध्ये असायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

हे इशारे फुकट नसतात हेही सांगतो. खुणेचे पर्याय मेमरीच्या एका पट्ट्याच्या मधल्याच भागावर दिले की कर्नलला त्या पट्ट्याचे तीन पट्टे करावे लागतात, आणि एका प्रोसेसला डिफॉल्ट ६५५३० पट्टे एवढीच मुभा, बारीक बारीक तुकड्यांवर ह्यूजपेज-नोह्यूजपेज करत बसलात तर एके दिवशी एममॅप ईएनओमेम (मेमरी नाही ही एरर) देतो आणि मेमरी तर भरपूर मोकळी असते. डोन्टनीडमध्ये टीएलबी साफ करायला बाकी सीपीयूंना थांबवावं लागतं, चाळीस-पन्नास थ्रेडवाल्या प्रोसेसमध्ये छोट्या छोट्या तुकड्यांवर तो सतत दिला तर सगळेच थ्रेड हळू होतात. म्हणूनच जेमॅलॉक रिकामी झालेली पेजेस लगेच परत देत नाही, डर्टी_डिके_एमएस चा डिफॉल्ट १० सेकंद आहे, तेवढ्या वेळात परत लागली तर कर्नलला मधे आणायलाच नको.

तुमच्या केसमध्ये मी काय करीन. पहिलं, तो डोन्टनीडचा कॉल आजच काढा. मग बघा की इंडेक्सची मेमरी एकत्र येते आणि एकत्र जाते का, तसं असेल तर मॅलॉक सोडा, इंडेक्ससाठी स्वतः एममॅपने एक सलग जागा घ्या, त्यावर साधा बंप अलोकेटर (फक्त पुढे सरकत जागा देणारा) लिहा, आणि काम संपलं की मूनमॅप करा, म्हणजे ती जागा कर्नलला परत द्या. पत्ता परत वापरायचाच नसेल तर मॅडवाइजची गरजच नाही, मूनमॅपने मेमरीही जाते आणि चुकून जुन्या पॉइंटरला हात लावला तर शून्य न मिळता तिथेच सेगफॉल्ट मिळतो, म्हणजे बग लपत नाही. तेवढा बदल शक्य नसेल तर इंडेक्स सोडल्यावर एकदाच मॅलॉक_ट्रिम(०) करा, जीलिबसी मग सगळ्या अरीनांमधल्या (अलोकेटरचे मेमरीचे वेगवेगळे साठे) पूर्ण रिकाम्या पेजेसवर स्वतः डोन्टनीड देतं, आणि त्याला माहीत असतं की कुठल्या पेजमध्ये कुणाचं काही उरलंय. जीलिबसीच्या एममॅप थ्रेशोल्डकडे (यापेक्षा मोठा ब्लॉक थेट एममॅपने येतो) पण एक नजर टाका, सुरुवात १२८ केबीची असते पण मोठा ब्लॉक फ्री() केला की तो आपोआप वाढतो, ६४ बिटवर ३२ एमबीपर्यंत, त्यामुळे पहिल्यांदा थेट एममॅपने आलेला ब्लॉक दुसऱ्या वेळी हीपमधून येतो आणि फ्री() केल्यावर परत जात नाही. मॅलॉप्टने तो थ्रेशोल्ड स्वतः पक्का केला की हे वाढणं बंद होतं.

हे केल्यावरही आकडा उतरला नाही तर तीन गोष्टी एकत्र टाका: एसमॅप्स_रोलअप मधल्या लेझीफ्री आणि अ‍ॅनॉनह्यूजपेजेस या दोन ओळी, सीग्रुपची मेमरी.स्टॅट, आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजची सेटिंग मॅक्स_पीटीईज_नन सकट. कर्नलची आवृत्ती पण लिहा, ४.१२ च्या आधीचा असेल तर वरचं मॅडव्ह_फ्रीबद्दलचं बरंच लागू होणार नाही.